मागचा टायर केवढा असावा?

वार्षिकांकाच्या या पानावर आम्ही एरवी एखादा संतकवी, एखादी म्हण किंवा व्याकरणातील एखादे कोडे घेऊन येतो. यंदा टायरचा विषय पाहून तुम्हांस नवल वाटेल. आम्ही कला शाखेचे पदवीधर. यंत्रशास्त्राचे रीतसर शिक्षण आम्हांस नाही. तथापि या एका विषयातील आमचा पहिला पाठ चोर्ला घाटातील एका ओल्या वळणावर झाला, आणि त्याची फी म्हणून खांद्याचे एक हाड व महाविद्यालयाची एक परीक्षा आम्हांस द्यावी लागली.

तेव्हा आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो. दीडशे सीसीची जुनी गाडी नुकतीच हाती आली होती. तिचे मागचे चाक आम्हांस फार बारीक वाटे. मित्रमंडळी त्याला सायकलचे चाक म्हणून चिडवीत. एका दुकानदाराने पुष्कळ रुंद टायर त्याच अरुंद रिमवर चढवून दिला. मागून गाडी कशी भारदस्त दिसते हे पाहण्यात आमचे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी बेळगावहून परतताना घाटात पाऊस लागला. वळणावर गाडी कलवली मात्र, ती सावकाश न कलता एकदम कोसळल्यासारखी आत पडली. आम्ही घाबरून ब्रेक दाबला, आणि पुढचे सारे आम्ही रस्त्यावर पडूनच पाहिले. आमचा वेगही जास्त होता, हे कबूल करतो. परंतु गाडीचे ते एकाएकी पडणे कशामुळे झाले, याचा उलगडा आम्हांस फार नंतर झाला.

हा जुना प्रसंग आठवण्याचे कारण असे की, गेल्या मे महिन्यात, पाऊस तोंडावर आलेला असताना, आमचा एक माजी विद्यार्थी संध्याकाळी घरी आला. नोकरीला लागून त्याला वर्ष झाले आहे, आणि त्याने जुनी आर.सी. ३९० विकत घेतली आहे. खिशातून दुकानाची एक चिठ्ठी काढून त्याने आमच्यापुढे धरली आणि विचारले, "सर, हो टायर बसतलो मूं?" चिठ्ठीवर १६०/६० आर १७ असे लिहिले होते. त्याच्या गाडीला कारखान्यातून येतो तो मागचा टायर १५०/६० आर १७. रुंदी अवघी दहा मिलिमीटर जास्त. एवढ्याने काय बिघडणार, असा त्याचा सरळ प्रश्न होता. आम्ही त्याला चहा दिला आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या संध्याकाळी त्याला जे सांगितले, तेच येथे थोडे विस्ताराने लिहीत आहोत. तुमच्यापैकी बहुतेकांना परवान्याचे वय व्हायला अजून अवकाश आहे; तोवर हिशेब शिकून ठेवण्यास हरकत नाही.

प्रथम टायरच्या अंगावरील लिपी वाचावयास शिकू. १५०/६० आर १७ यातील १५० म्हणजे हवा भरलेल्या टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. पुढचा ६० हा मिलिमीटर नव्हे, तो शेकडा आहे: रिमच्या काठापासून टायर जितका उंच उठतो ती उंची रुंदीच्या शेकडा ६०, म्हणजे ९० मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल, अर्थात ज्याच्या पोटातील धागे एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे आडवे सरळ गेलेले असतात तो. शेवटचा १७ हा रिमचा व्यास, आणि तो इंचांत! एका ओळीत मिलिमीटर, शेकडा आणि इंच असे तिघे शेजारी नांदतात. व्याकरणात असा संकर आम्ही खपवून घेतला नसता. त्यापुढे बहुधा ६६ एच असे काहीसे असते. ६६ हा भाराचा सांकेतिक अंक असून त्याचा अर्थ ३०० किलो; ६९ असेल तर ३२५ किलो, ७३ असेल तर ३६५ किलो. अक्षर वेगमर्यादेचे: एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०. नवा टायर घेताना भाराचा अंक व वेगाचे अक्षर मूळच्यापेक्षा खाली उतरू देऊ नये, हा नियम निर्विवाद आहे. वर गेले तर चालते.

आता गणित. १७ इंच म्हणजे ४३१.८ मिलिमीटर. १५०/६० ची उंची ९०, ती वरून एकदा व खालून एकदा, म्हणून १८० मिळवा: चाकाचा पूर्ण व्यास ६११.८ मिलिमीटर. १६०/६० ची उंची ९६, तिची दुप्पट १९२, व्यास ६२३.८. म्हणजे शेकडा सुमारे दोनने चाक मोठे झाले. रुंदी वाढवली तर उंचीही वाढते, कारण दुसरा आकडा शेकड्याचा आहे, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्याच्या ध्यानी आली नव्हती. पहिला टायर एका किलोमीटरला साधारण ५२० फेरे घेतो, दुसरा ५१०. इंजिनाच्या तितक्याच फेऱ्यांत गाडी थोडी अधिक पुढे जाते. फायदा वाटतो, पण त्याच प्रमाणात तिची ओढ कमी होते. मागच्या स्प्रॉकेटला ४५ दाते आहेत असे धरले, तर एक दात कमी केल्याने जेवढा फरक पडेल, जवळजवळ तेवढाच हा. ज्या गाडीचा वेगदर्शक मागच्या चाकावरून किंवा गिअरपेटीवरून चालतो, तिच्यात काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. पुढच्या चाकावरून चालणाऱ्या वेगदर्शकाला अर्थातच त्याचे सोयरसुतक नसते.

याशिवाय गाडीची मागची बाजू सहा मिलिमीटरने उचलली जाते. त्यामुळे पुढचा फोर्क सुमारे पाव अंशाने अधिक उभा होतो आणि गाडी वळणात जराशी चपळाईने शिरू लागते. काही शर्यतपटू मुद्दाम असे करतात. १८०/५५ च्या जागी १९०/५५ बसवणारे हजार सीसीचे लोक तर याच गुणासाठी बसवतात; तेथे व्यास ६२९.८ वरून ६४०.८ होतो. मात्र जुना १९०/५० पाहिला तर त्याचा व्यास ६२१.८ च भरतो. म्हणजे तो १८०/५५ हून रुंद असूनही ठेंगणा, आणि त्यामुळे माथ्यावर अधिक सपाट. यामाहाने आपल्या आर १ या गाडीचा मागचा टायर २००९ साली १९०/५० वरून १९०/५५ केला, तेव्हा रुंदीला हात न लावता केवळ उंची वाढवली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कलत्या गाडीखाली येणारा टायरचा खांदा त्यामुळे अधिक लांब व गोल मिळतो.

येथवर आमचा विद्यार्थी शांत होता. दोन टक्के, पाव अंश. त्याला हे सारे सोसण्यासारखे वाटले, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांसही तसेच वाटते. खरी अडचण व्यासाची नव्हेच. ती रिमच्या रुंदीची आहे.

आम्ही त्याला विचारले, "तुझ्या गाडीची मागची रिम किती रुंद?" तो हसून म्हणाला, "सर, मी पट्टीने मोजली आहे. साडेचार इंचांहून जास्तच भरते." १६०/६० या मापाला ४.५ इंचांची रिम लागते आणि फार तर ५ इंचांची चालते, हे त्याने कोठेतरी वाचले होते. म्हणून तो निश्चिंत होता. तयारी करून आला होता, याचे आम्हांस कौतुक वाटले. तरी टॉर्च आणि एक ओले फडके घेऊन आम्ही दोघे अंगणात उतरलो. चाकावरील चेनच्या तेलाचा थर पुसला, तेव्हा धातूत उठवलेली अक्षरे दिसू लागली: एम.टी. ४.०० × १७. रिम साडेचार इंचांची नव्हती, चारचीच होती.

मग पट्टी खोटी बोलली काय? नाही. पट्टीने त्याने रिमचे बाहेरचे काठ मोजले होते. रिमची रुंदी म्हणून जी छापतात ती आतली असते: टायरची कडा ज्या बैठकीवर बसते, तिच्या दोन भिंतींमधले अंतर. त्या भिंतींची जाडी बाहेरच्या मापात मिसळते आणि माप खासे वाढून येते. डब्यात किती तांदूळ मावेल हे डबा बाहेरून मोजून ठरवण्यासारखेच हे. दुकानदाराने बहुधा तेवढेही कष्ट घेतले नसावेत. चाकावर टायर चढला आणि हवा धरून राहिला, की त्याच्या लेखी तो बसला.

अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर काय होते, हे पाहण्यास गॅरेजची गरज नाही. वहीचा पातळ पुठ्ठा घ्या, त्याच्या दोन्ही कडा बोटांत धरून किंचित वाकवा, म्हणजे टायरच्या माथ्यासारखी गोल कमान होईल. आता कडा आणखी जवळ आणा. कमान उंच होते आणि मध्यभागी टोकदार बनते. टायरचेही हेच. कारखान्यात ज्या वक्रतेचा विचार करून तो घडवला, ती वक्रता बिघडते. सरळ रस्त्यावर मधलीच चिंचोळी पट्टी जमिनीला टेकते आणि लवकर झिजते. गाडी कलवली की त्या टोकदार माथ्यावरून ती घसरगुंडीवरून उतरावे तशी एकदम खाली येते, आणि मग कडेशी पुन्हा अडून बसल्यासारखी वागते. चोर्ला घाटातले आमचे कोडे या पुठ्ठ्याने सुटले. उलट, फार रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवला तर माथा सपाट होतो आणि थोडे कलताच टायरची शेवटची कडा जमिनीवर येते. तेही तितकेच वाईट.

यात एक गंमत आहे, ती आम्हांस सर्वांत पटते. रिम अर्धा इंच अरुंद असली की टायरची प्रत्यक्ष रुंदी साधारण पाच मिलिमीटरने कमी भरते. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याने दहा मिलिमीटरसाठी जे पैसे मोजावयाचे ठरवले होते, त्यांतले पाच मिलिमीटर रिमनेच गिळले असते. उरलेल्या पाचांसाठी वक्रता बिघडवून घ्यावयाची, हा व्यवहार कोणत्याही वाण्याला मंजूर होणार नाही.

"पण सर, रुंद टायरची पकड जास्त असते ना?" हा त्याचा पुढचा प्रश्न, आणि तो शंभरांतील नव्वद जणांचा असतो. याचेही साधे गणित करू. मागच्या चाकावर स्वारासह १२० किलो भार आहे आणि टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला २ किलो हवा आहे, असे समजा. १२० ला २ ने भागा: सुमारे ६० चौरस सेंटिमीटर, म्हणजे बोटे सोडून तुमच्या तळहाताएवढा भाग जमिनीला टेकून हा सारा भार पेलतो. टायरचे कवचही थोडा भार उचलते, म्हणून हा आकडा काटेकोर नव्हे. पण या हिशेबात रुंदी कोठेच आली नाही, हे पाहिलेत ना? भार आणि हवा तेवढीच असेल तर रुंद टायरने क्षेत्रफळ फारसे वाढत नाही. त्याचा आकार बदलतो, तो आडवा लांबट आणि उभा आखूड होतो. पकड मुख्यतः रबराच्या जातीवर, त्याच्या उष्णतेवर आणि हवेच्या दाबावर अवलंबून असते. प्रचंड शक्तीच्या गाड्यांना रुंद टायर देतात, कारण ती शक्ती व तिची उष्णता वाटून घ्यावयास जास्त रबर लागते, नाही तर तो लवकर तापून झिजेल. ड्युकाटीच्या ११९९ पानिगाले या २०१२ च्या गाडीला २००/५५ दिला गेला तो यासाठी, मागून छायाचित्र चांगले यावे एवढ्यासाठी नव्हे.

शक्ती आणि रुंदी यांचे नाते किती सैल आहे, याचा एक दाखला देतो. १९८५ साली सुझुकीने जी.एस.एक्स.-आर ७५० ही गाडी काढली. आजच्या स्पोर्ट मोटारसायकलींच्या घराण्यातील ती मूळ पुरुषांपैकी एक मानली जाते. परदेशी पाठवलेल्या त्या गाडीची शक्ती सुमारे १०० अश्वशक्ती होती, आणि तिचा मागचा टायर १४०/७०, रिम १८ इंची. आर.सी. ३९० ची शक्ती सुमारे ४३ अश्वशक्ती आणि टायर १५०! तेव्हाचे रबर आजच्याइतके चांगले नव्हते, गाडी निराळी होती, हे सारे खरे. परंतु १५० अपुरा पडतो ही तक्रार निदान शक्तीच्या नावाने करता येणार नाही, हे तरी यावरून दिसते.

मग रुंद टायर कधीच घालू नये काय? घालावा की, पण तो एकटा घालू नये. यामाहाच्या आर १५ चे उदाहरण पाहा. २००८ साली ती आली तेव्हा मागचा टायर १००/८० होता. तो बारीक आहे अशी ओरड पुष्कळ झाली. २०११ साली दुसरी आवृत्ती आली तिला १३०/७० रेडियल मिळाला. वरवर पाहणाऱ्यास वाटले, टायर बदलला. प्रत्यक्षात रिम रुंद केली, पुढचा टायरही वाढवून ९०/८० केला, मागचे चाक धरणारा स्विंगआर्म, ज्याला आमचे मेकॅनिक चिमटा म्हणतात, तो नवा दिला, आणि दोन्ही चाकांमधले अंतर १२९० मिलिमीटरवरून १३४५ केले. एका टायरसाठी कारखान्याने अर्धी गाडी नव्याने मांडली. दुकानात हे अर्ध्या तासात होत नसते.

चिमट्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो: रुंद टायर एका बाजूने चेनजवळ आणि दुसऱ्या बाजूने चिमट्याजवळ सरकतो, आणि उंच टायर पुढे चिमट्याच्या आडव्या पट्टीजवळ. उभ्या गाडीत फट दिसली म्हणून समाधान मानू नये. वेगात टायर फुगतो. आणि चेन नवी टाकली, किंवा तिची एखादी कडी कमी केली, की चाक पुढे सरकते व होती ती फटही जाते. चेनने टायरची बाजू कापत नेलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे.

कायद्याचेही एक अंग आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपुस्तकातील तपशील कारखान्याने दिलेल्या तपशिलाहून निराळा होईल असा फेरफार गाडीत करता येत नाही. नोंदणीपुस्तकात टायरच्या मापाचाही रकाना असू शकतो, म्हणून ते उघडून पाहिलेले बरे. अपघात झालाच, तर विमा कंपनी प्रथम असलेच काही शोधते. यावर अधिक लिहीत नाही.

आमच्याकडच्या पावसाविषयी मात्र लिहिले पाहिजे. जून ते सप्टेंबर आमचे रस्ते ओलेच असतात, त्यावर तांबड्या मातीचे बारीक पाणी वाहते. तेवढ्याच भाराखाली रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगू लागतो. अरुंद टायर पाणी कापून खाली जातो. ज्याला वर्षातले चार महिने अशा रस्त्यावरून कामाला जावयाचे आहे, त्याने दहा मिलिमीटरपेक्षा टायरवरील खाचांच्या खोलीची चौकशी अधिक आस्थेने करावी.

चहाचा कप केव्हाच रिकामा झाला होता. विद्यार्थी म्हणाला, "म्हणजे सर, होता तोच टायर घेऊ?" आम्ही म्हटले, "माप तेच घे, टायर चांगला घे." दुसऱ्या दिवशी शनिवार होता, आम्हीही त्याच्याबरोबर दुकानात गेलो. दुकानदाराने १५०/६० काढून दिला. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. ३५२३ असेल तर तो टायर २०२३ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला असे समजावे. विद्यार्थ्याने ते आकडे वाचले, बोटांवर हिशेब केला आणि टायर परत केला. तो साडेचार वर्षे दुकानातच पडून होता. दुकानदार काही न बोलता आत गेला आणि ताजा टायर घेऊन आला. बाजूवरचा बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेने आहे ना, हेही विद्यार्थ्याने स्वतः पाहिले. नव्या टायरचा गुळगुळीतपणा जाईपर्यंत पहिले दीडशे किलोमीटर सबुरीने चालवावे लागतात, हे आम्ही त्याला पुन्हा एकदा बजावले.

चाक बसवून होईपर्यंत आम्ही बाकावर बसून होतो. समोर गाडीचे पुढचे चाक होते. त्याच्या खाचा मध्यभागी जवळजवळ पुसून गेल्या होत्या. खाचेच्या तळाशी झिजेची खूण म्हणून जो लहानसा उंचवटा असतो, तो वरच्या रबराच्या बरोबरीला आला होता. आठवडाभर मागच्या चाकाची मापे घेणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याने पुढच्या चाकाकडे एकदाही पाहिले नव्हते. आणि ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढच्याच चाकावर येतो. आम्ही बोट दाखवले. तो क्षणभर ओशाळला. मग त्याने खिशातून ती १६०/६० ची चिठ्ठी काढली, मागच्या टायरमध्ये वाचलेले पैसे तिच्याच पाठीवर मांडून पाहिले, कमी पडत होते ते पाकिटातून काढले, आणि दुकानदाराला पुढचाही टायर, ११०/७० आर १७, आणावयास सांगितले.